दवाखान्याच्या दारापर्यंतची वाट

इस्पितळ बांधले, त्यात डॉक्टर नेमले आणि औषधांची तरतूद केली म्हणजे आरोग्याची सोय झाली, असा आपल्याकडे राज्यकर्त्यांचा आणि बहुतेक सुशिक्षितांचाही समज असतो. रोगी आपल्या पायांनी दारापर्यंत येईल, हे त्यात गृहीत धरलेले असते. पुरुषांच्या बाबतीत हे गृहीत बव्हंशी खरे ठरते. स्त्रियांच्या बाबतीत, आणि त्यातही हातावर पोट असणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत, ते खरे ठरत नाही. घर आणि इस्पितळ यांमधील वाट त्यांच्यासाठी केवळ कोसांनी मोजण्याची नसते. तीत नवऱ्याची आणि सासूची परवानगी असते, बुडणारा रोज असतो, परक्या पुरुषापुढे अंग उघडे करण्याची लाज असते आणि रोगाचे नाव कळले तर संसाराचे काय होईल ही धास्तीही असते. ही वाट ज्यांनी प्रथम स्वतःच्या आयुष्यात ओळखली आणि नंतर सुमारे पस्तीस वर्षे इतर स्त्रियांसाठी सुकर करण्यात घालविली, त्या डॉ. रखमाबाईंचे चरित्र आज पुन्हा अभ्यासण्याजोगे आहे. स्तनाच्या कर्करोगाने पुढे उभा केलेला प्रश्न नेमका याच वाटेचा आहे.

रखमाबाईंचे नाव निघाले की सामान्यतः आठवतो तो त्यांच्यावरील खटला. त्या खटल्याने इतिहासाच्या ग्रंथांत प्रकरणे व्यापली. त्यानंतरची वैद्यकीय सेवा मात्र दोन ओळींत आटोपली जाते. वस्तुतः त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकाच प्रश्नाशी निगडित आहेत. स्त्रीच्या देहासंबंधीचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हा तो प्रश्न होय. पूर्वार्धात तो न्यायालयात उपस्थित झाला आणि उत्तरार्धात इस्पितळाच्या दाराशी.

खटल्यापूर्वीचा काळ

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई यांचा विवाह बालवयातच झाला होता आणि वैधव्य आले तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवाविवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी पुनर्विवाह केला आणि तत्पूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे त्या काळातील नामांकित वैद्यक व्यावसायिक होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजक्या भारतीय संस्थापकांत त्यांची गणना होते.

असे सुधारक वातावरण असलेल्या घरातही रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षीच झाला. वर दादाजी भिकाजी हे तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. शिक्षण घेऊन त्यांनी मार्गी लागावे अशी अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. सावत्र वडिलांनी मुलीला कोवळ्या वयात सासरी पाठविण्यास नकार दिला. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि ग्रंथालयातील पुस्तके आणून घरच्या घरी शिकल्या. डॉक्टरांच्या घरी येणाजाणाऱ्यांची चर्चा ऐकत वाढलेल्या या मुलीच्या मनात वैद्यक शिकण्याची इच्छा उत्पन्न झाली असल्यास नवल नाही. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती एका पुरुषाची पत्नी होती आणि तिच्या इच्छेला काही किंमत आहे की नाही, हेच ठरावयाचे होते.

दावा आणि निकाल

दादाजींनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. ज्या मुलीचे लग्न तिला समज येण्यापूर्वी लावून देण्यात आले, आणि जी पतीकडे कधी नांदलीच नाही, तिला त्याच्या स्वाधीन करणे त्यांना न्याय्य वाटले नाही. या निकालाने महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. टिळकांच्या केसरी व मराठा या पत्रांनी हिंदू धर्मशास्त्रात परक्या न्यायाधीशाने हात घातल्याची टीका केली, तर बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर पत्रे प्रसिद्ध झाली होती. ती लिहिणारी स्त्री रखमाबाईच असल्याचे पुढे उघड झाले.

अपिलात पहिला निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना आदेश दिला की त्यांनी पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. बावीस वर्षांच्या एका मराठी स्त्रीने हे न्यायालयाला कळविले, यातच त्या काळाच्या मानाने केवढी क्रांती होती! प्रत्यक्षात तुरुंगाची वेळ आली नाही. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड मान्य केली आणि प्रकरण मिटले. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला व वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. त्या कायद्यामागील चर्चेला जी प्रकरणे कारणीभूत झाली, त्यांत हा खटला अग्रभागी होता.

या तडजोडीकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडे निराळ्या नजरेने पाहावयास हवे. रखमाबाईंना स्वातंत्र्य मिळाले ते तत्त्वाच्या विजयाने नव्हे; ते दोन हजार रुपये मोजून विकत घ्यावे लागले. ज्या स्त्रीजवळ मालमत्ता नव्हती, पाठीशी शिकलेले घर नव्हते, बचावासाठी निधी जमविणारे स्नेही नव्हते, तिला तेच स्वातंत्र्य कोणत्या भावाने मिळाले असते? हा प्रश्न रखमाबाईंच्या पुढील आयुष्याकडे पाहताना दृष्टीआड करता येत नाही. त्यांनी नंतर ज्यांची सेवा केली, त्या बहुतांशी अशाच भांडवल नसलेल्या स्त्रिया होत्या.

वैद्यकाचा मार्ग

त्या काळी मुंबईत स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेसाठी एक चळवळ उभी राहिली होती. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे हजारो स्त्रिया पसंत करीत. तेव्हा स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवेत, हे काही जाणत्या नागरिकांच्या ध्यानी आले. त्यांनी निधी जमविला, १८८३ साली इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची यांना बोलावून घेतले आणि १८८६ मध्ये कामा इस्पितळ सुरू झाले. स्त्रियांच्या या इस्पितळाची धुरा स्त्री डॉक्टरांकडेच सोपविण्यात आली. डॉ. पीची यांनी रखमाबाईंना प्रोत्साहन दिले, इंग्लंडमधील व येथील हितचिंतकांनी पैशाची तजवीज केली आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ साली त्यांचे शिक्षण पूर्ण झाले.

आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पदवीधर झाल्या, पण पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांना रुग्णसेवा करण्याचा अवसर मिळाला नाही. रखमाबाईंना मात्र तो दीर्घकाळ लाभला. मायदेशी परतल्यावर त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या. तेथे दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी काम केले. त्यानंतर सरकारी स्त्री वैद्यकीय सेवेतील जागा चालून आली असता ती नाकारून त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या.

सुरतेतील आरंभीच्या दिवसांची एक आठवण सांगितली जाते. इस्पितळ तयार होते, डॉक्टरीण हजर होती, परंतु बाळंतपणासाठी तेथे यावयास बायका धजत नव्हत्या. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणविली आणि तिची सुखरूप वीण करून दाखविली. मुके जनावर जेथून जिवंत व धडधाकट बाहेर पडते, तेथे आपल्या जिवाला धोका नाही, हे भोवतालच्या बायकांना पटले आणि हळूहळू त्या येऊ लागल्या. वरवर गमतीची वाटणारी ही गोष्ट फार खोल आहे. लंडनचे शिक्षण पदरी असलेल्या त्या डॉक्टरिणीने बायकांना अडाणी म्हणून दोष दिला नाही. त्यांच्या भीतीला तिने रोगाइतकेच महत्त्व दिले आणि तीवर उपचार केला.

पश्चिम भारतात प्लेगने थैमान घातले त्या काळातही त्यांनी सेवा केली आणि सरकारने कैसर-इ-हिंद पदक देऊन त्यांचा गौरव केला. १९०४ मध्ये दादाजी भिकाजी निधन पावले. ज्या विवाहाला त्यांनी न्यायालयात नाकारले होते, त्याच्या समाप्तीनंतर रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेष स्वीकारला. यातील विसंगती अनेकांना बुचकळ्यात टाकते. परंतु ज्या समाजातील स्त्रियांनी विश्वासाने जवळ यावे म्हणून त्या झटत होत्या, त्याच समाजात त्यांना राहावयाचे होते, हेही विसरून चालणार नाही. पडदापद्धतीविरुद्धचे त्यांचे मत मात्र अखेरपर्यंत मवाळ झाले नाही. १९२९ साली ती पद्धती नष्ट करण्याची गरज प्रतिपादन करणारी पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली. पडद्यामुळे स्त्री इस्पितळापर्यंत पोहोचत नाही, हे तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते. निवृत्तीनंतर त्या मुंबईस आल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मुंबईतील प्रयोग

रखमाबाईंच्या काळात स्त्रीच्या जिवावरचे मोठे संकट बाळंतपणाचे होते. आज भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. २०२२ या वर्षाच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या रोगाची लबाडी अशी की आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही त्यासाठी कामावरचा खाडा करणे गरीब स्त्रीला परवडत नाही. दुखू लागते, जखम होते, तेव्हा ती येते. आणि तेव्हा उपचार लांबलेला, महागलेला आणि पुष्कळदा निष्फळ ठरलेला असतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, ३० ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांची स्तनाच्या कर्करोगासाठी एकदा तरी तपासणी झाली होती, त्यांचे प्रमाण देशात शेकडा एकही नव्हते; ते हजारी नऊ इतके होते.

यावर उपाय यंत्रांचाच असावयास हवा असे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, केवळ हाताने स्तनांची तपासणी केली आणि रोगाची लक्षणे समजावून सांगितली. त्यानंतरही वर्षानुवर्षे या स्त्रियांचा मागोवा घेण्यात आला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणीच्या गटात रोग आधीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्रित विचार करता घट पंधरा टक्क्यांची होती व ती संख्याशास्त्रीय कसोटीला पुरेशी उतरली नाही. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. ही मर्यादा लक्षात घेऊनही जे हाती लागले ते थोडे नाही. बाईने बाईच्या दारी जावे, तिच्याशी बोलावे आणि तिला तपासावे, हेच सुरतेत रखमाबाईंनी ओळखलेले सूत्र येथे शास्त्रीय पुराव्यानिशी सिद्ध झाले.

चऱ्होलीचा हिशेब

हे सूत्र जेथे आज कसाला लागावयाचे आहे, अशा गावांपैकी एक म्हणजे इंद्रायणीकाठचे चऱ्होली. वाघेश्वराचे हे जुने शेतकरी गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला भोसरी आणि पलीकडे चाकणचा कारखान्यांचा पसारा, अशा जागी ते वसले आहे. ज्या पिंपरीत १९५४ साली सरकारी मालकीच्या प्रतिजैविकांच्या कारखान्याची स्थापना झाली आणि देशाला पेनिसिलिन पुरविले जाऊ लागले, तेथून हे गाव फार दूर नाही. औषधे निर्माण करण्यात अग्रेसर ठरलेल्या या पट्ट्यात औषधापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न उरावा, हा विरोधाभास नजरेतून सुटू नये.

पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. कागदावर पाहता उणीव दिसत नाही. परंतु फुकट उपचार हा रोगिणीच्या दृष्टीने फुकट नसतो. तपासणी, सुईने वा छेद घेऊन काढलेला नमुना, त्याचा अहवाल, शस्त्रक्रिया, पुढे काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावयाची औषधांची आवर्तने आणि त्यानंतर आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालणारी किरणोपचाराची फेरी, असा हा क्रम असतो. धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या किंवा ठेकेदाराच्या हाताखाली कारखाना झाडणाऱ्या बाईचा यातील प्रत्येक दिवसाचा रोज बुडतो. बरोबर येणाऱ्या माणसाचाही बुडतो. घरकाम करणाऱ्या बाईला कामगार विम्याचे छत्र बहुधा नसतेच. आणि ठेक्यावरच्या कामगार स्त्रीच्या बाबतीत, दीर्घ आजाराच्या लाभाला लागणारी सलग नोकरीची अट ठेकेदार बदलताच धोक्यात येते. परगावाहून आलेल्या कुटुंबाची कागदपत्रे अनेकदा गावीच राहिलेली असतात. अशा स्त्रीने दुखणे लपविले तर तो अडाणीपणा म्हणता येणार नाही. तिच्यापुरता तो पैशापैशाचा हिशेबच असतो, आणि तो बदलल्यावाचून तिचे वागणे बदलणार नाही.

हा हिशेब बदलण्यासाठी करावयाच्या गोष्टी अवाढव्य नाहीत. या औद्योगिक पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तपासणीचा दिवस गुरुवारी, वस्तीतल्या अंगणवाडीत ठेवला तर कारखान्यातील स्त्रीचा रोज बुडणार नाही. घरकाम करणाऱ्या बायकांना दुपार मोकळी असते. त्यांच्यासाठी ती वेळ धरता येईल. तपासणारी स्त्री असावी, आणि ती ओळखीची आरोग्यसेविका असावी. ज्या बाईला गाठ आढळेल तिच्या हाती केवळ चिठ्ठी देऊन न थांबता, निदान होईपर्यंत कोणीतरी तिच्यासोबत जावे. उपचारांच्या काळातील बुडालेल्या रोजाची अंशतः तरी भरपाई व्हावी. शस्त्रक्रियेच्या आणि औषधांच्या खर्चापुढे ही रक्कम क्षुल्लक आहे. आणि ती वाचविण्याच्या नादात उपचार अर्धवट सुटला तर आधीचा सर्व खर्च वाया जातो. नवऱ्याशी व सासूशीही बोलावयास हवे, कारण निर्णय अजून पुष्कळ घरांत त्यांच्याच हाती आहे.

आरोग्यावरील खर्चाचे यश आपण खाटांच्या आणि इमारतींच्या संख्येने मोजतो. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत महापालिकेने व शासनाने आणखी एक आकडा दरवर्षी प्रसिद्ध करावा: आलेल्या स्त्रियांपैकी किती जणी आरंभीच्या अवस्थेत आल्या आणि किती जणींचा उपचार पूर्ण झाला. त्या आकड्यावरून कळेल की इस्पितळाचे दार खरोखर उघडे आहे की नुसते लोटून ठेवलेले आहे. सुरतेस रिकाम्या इस्पितळात बसून रखमाबाईंनी बायकांची वाट पाहिली नाही. त्या का येत नाहीत याचा शोध घेतला आणि तेवढे कारण दूर केले. चऱ्होलीतल्या बाईसाठी हे काम कोणी करावयाचे, हे आपण अजून ठरविलेले नाही.